अंगणवाडीला दुसरी बाई द्या

अंगणवाडीतल्या रिक्त जागांची बातमी आली की चर्चा लगेच आकड्यांवर जाते. मंजूर किती, भरल्या किती, उरल्या किती. पण समजा उद्या सकाळी झाडून सगळ्या जागा भरल्या, तरी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायला बाई मिळणार नाही. कारण एका अंगणवाडीला एक सेविका आणि एक मदतनीस, आणि कामं सहा: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्य शिक्षण. 2 ऑक्टोबर 1975ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासूनची ही मांडणी. कामं वाढत गेली, माणसं तेवढीच राहिली.

नुसतं एक काम जवळून बघा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी त्याला झोपवून, इन्फंटोमीटरवर मोजायची असते. त्याला दोन माणसं लागतात. एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि खालची फळी तळव्यांना भिडवायची. मदतनीस खिचडीपाशी असेल किंवा तिची जागाच रिकामी असेल, तर सेविका एकटीच हे करते. बाळ पाय आखडतं आणि लांबी दीड-दोन सेंटीमीटर कमी भरते. आता होतं काय, की उंचीच्या मानाने वजन चांगलं दिसतं. जे मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅममध्ये यायला हवं, ते मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषित गटात जातं. त्याला ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे गावातच कुपोषित मुलांवर उपचार होतात तिथे दाखल करायची वेळ निघून जाते. अशी मुलं निदान दंडघेराच्या पट्टीवर तरी सापडावीत (साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे सॅम), पण ती पट्टी लावायलाही निवांत हात हवा. एका मदतनीसाच्या रिकाम्या जागेची ही किंमत आहे आणि ती कुठल्याच अहवालात दिसत नाही.

मग मोबाइल. सेविकेने नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप 2021पासून आहे. हजेरी, वजन-उंची, आहार, सगळं त्यात भरायचं. 1 जुलै 2025पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवणंही सक्तीचं झालं. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला गेलेला, ओटीपी त्याच्या फोनवर. आहाराचं पाकीट न्यायला सासू येते, तिचा चेहरा कसा जुळणार? पाकीट द्यावं तर नोंद होत नाही, न द्यावं तर घरी गरोदर बाई उपाशी. तोवर वीस-पंचवीस मुलं भिंतीला टेकून बसलेली असतात. आहाराची चोरी थांबावी हे मान्यच. पण हा वेळ मुलांच्या शिकण्यातूनच जातो, हे कुणीतरी मोजायला हवं.

सेविका निवृत्त झाली की शेजारच्या अंगणवाडीच्या सेविकेला अतिरिक्त कार्यभार मिळतो. म्हणजे एक जागा रिकामी आणि दोन अंगणवाड्या अर्ध्या. बिट म्हणजे अंगणवाड्यांचा गट, त्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेचं पद रिकामं राहिलं तर नुकसान आणखी पसरतं, कारण तिचं बिटही दुसऱ्या मुख्यसेविकेकडे जातं. एका बिटात पंचवीस अंगणवाड्या धरल्या, तर दोन बिटांच्या पन्नास होतात. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस, त्यातून बैठका आणि अहवाल वजा करा. भेट द्यायची कधी आणि वजनाचं फेरमोजमाप करायचं कधी?

खरं वाईट वाटतं ते याचं, की यातली बहुतेक रिक्त पदं अचानक पडत नाहीत. सेविकेची जन्मतारीख कार्यालयात असते, निवृत्तीचा महिना वर्षानुवर्षं आधी माहीत असतो. तरी जाहिरात जागा रिकामी झाल्यावर निघते. मग अर्ज, छाननी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी. हरकती रहिवासावरच जास्त अडतात, कारण नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डावर आणि आधारवर जुनं आडनाव. हे काम सहा महिने आधी सुरू करायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. मदतनीस बढतीने सेविका होणार असेल, तर मदतनीसाच्या जागेची जाहिरातही त्याच दिवशी निघावी. नाहीतर एक खड्डा बुजवताना दुसरा पडतो.

प्रशिक्षणाचंही असंच. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका सांगितली आहे. ‘पोषण भी पढाई भी’ या केंद्राच्या कार्यक्रमात प्रत्यक्षात मिळतं तीन दिवसांचं शिबिर आणि अपेक्षा रोज किमान दोन तास शिकवण्याची. मानधनात केंद्राचा वाटा 2018मध्ये सेविकेला महिना 4,500 आणि मदतनीसाला 2,250 रुपये झाला, वरची भर राज्याने घालायची. डिसेंबर 2023मध्ये सुरू झालेला महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीसांचा संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत का ताणला गेला, हे यातून कळतं.

आणि अंगणवाडी हे मुळात शिक्षणाचं काम होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीत काम सुरू केलं ते मुलांना शिकवायला. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हीच ती कल्पना.

तमिळनाडूत 320 अंगणवाड्यांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ बाई नेमली. दीड वर्षात शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं. शिवाय जुन्या सेविकेला आहाराकडे बघायला सवड मिळाली आणि तीव्र कुपोषण व खुंटलेली वाढही कमी झाली. वरचं इन्फंटोमीटरचं उदाहरण आठवा, म्हणजे हे का झालं ते समजेल.

महाराष्ट्रात हेच हवं. गावातलीच बारावी झालेली बाई, रोज तीन तास, पूर्ण सहा महिन्यांचं प्रशिक्षण. सुरुवात जिथे पटावर मुलं जास्त आहेत तिथून, आदिवासी प्रकल्पांना पहिला मान. एक अट मात्र नियुक्तीच्या आदेशातच छापलेली असावी: ट्रॅकर भरणं, आहारवाटप, सर्वेक्षण आणि मतदार यादीचं काम तिला देता येणार नाही. ही ओळ नसेल, तर वर्षभरात तिच्याही हातात मोबाइल येईल.