जाडजूड कादंबरी सुट्टीतच न्यावी

सुट्टीला हलकंफुलकंच वाचायला न्यावं, हे सुट्टीतल्या वाचनावरच्या एका लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. एरवी झोपण्याआधी जेमतेम १० पानं होतात आणि ७०० पानी कादंबरीतली निम्मी पात्रं तोवर विसरायला होतात. सलग चार-पाच तास मिळतात ते सुट्टीतच! फक्त निघण्याआधी पहिली २०-२५ पानं घरी वाचून बघावीत. मन रमलं नाही तर ते पुस्तक खुशाल मागे ठेवावं. सोबत एखादा कथासंग्रह हवाच, गाडीची वाट बघताना एक कथा सहज पुरी होते. जड पुस्तकं बॅगेत चाकांच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावीत. ई-रीडर मात्र विमानात जवळच्या बॅगेतच असू द्या, त्यात लिथियम बॅटरी असते.