पंप आला, पण मेकॅनिक?
सौर पंपांचं घोडं पैशापाशी अडतं, असं तुमच्या सौर पंपांवरच्या लेखात म्हटलंय. आमच्याकडे तसं नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५. पंप दिवसा चालतो, त्यामुळे रात्री बिबट्याच्या भीतीत दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जाणं सुटलं, हे फार मोठं. पण अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचाच पंप. बोअरचं पाणी खोल गेलं की धार करंगळीएवढी. त्यात मार्चमध्ये आमच्या पंपाचा कंट्रोलर (पंप चालवणारी पेटी) बंद पडला. ५ वर्षं देखभालीची हमी कागदावर, माणूस उगवला एकविसाव्या दिवशी. तोवर मका करपला. तालुक्याला एक मेकॅनिक आणि सुटे भाग ठेवा की! (पॅनेलवरची धूळ पुसायची असते, हेही आम्हाला शेजाऱ्यानं सांगितलं.)