सोलला एकटं जाताय? कोरियन वाक्यं पाठ करू नका, कोरियन लिपी शिका

सोलला एकट्याने जायचं ठरलं की बहुतेक जण वीस-पंचवीस कोरियन वाक्यं पाठ करायला घेतात. माझं स्पष्ट मत आहे की ही मेहनत चुकीच्या जागी जाते. ‘स्टेशन कुठे आहे’ हे तुम्ही छान उच्चारात विचारलंत, तर तुम्हाला भाषा येते असं समजून समोरचा माणूस भरभर कोरियनमध्येच उत्तर देतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. नमस्कार, आभार आणि ‘माफ करा’ एवढं तोंडात असावं, ते सौजन्य आहे आणि ते पाळावंच. बाकीचा सगळा वेळ लिपीला द्या. दोघं असतील तर एक जण नकाशा बघतो, दुसरा पाटी. एकट्याला दोन्ही करायचं असतं, तेही बॅग ओढत, गर्दीत. सोलमध्ये बोलता न आल्याने फारसं अडत नाही, वाचता न आल्याने मात्र पावलोपावली अडतं.

हांगुल ही कोरियन लिपी राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केली. मूळ अक्षरं फक्त २४ आहेत: १४ व्यंजनं आणि १० स्वर. देवनागरी वाचणाऱ्याला ती लवकर जमते, कारण व्यंजनाला स्वर जोडून एक अक्षर बनवायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि क-ख, त-थ, प-फ यांतला फरकही कानाला ओळखीचा असतो. पूर्ण चौकोन म्हणजे म. इंग्रजी एलसारखा काटकोन म्हणजे न, तोच काटकोन उलटा केला की ग किंवा क, आणि त्याच्या पोटात एक आडवी रेघ आली की ख. गोल अक्षराच्या सुरुवातीला आला तर मुका असतो, तळाशी आला तर ‘ङ’ वाजतो. स्वरांची तऱ्हा आणखी सोपी आहे. उभ्या रेघेला उजवीकडे छोटी रेघ म्हणजे आ, डावीकडे म्हणजे ऑ; आडव्या रेघेवर छोटी रेघ उभी राहिली की ओ, खाली लोंबली की ऊ. छोटी रेघ दोनदा आली की स्वराआधी ‘य’ लागतो. रोज अर्धा तास दिलात तर आठवडाभरात पाटी अक्षर लावून वाचता येते. सरावाला सोल मेट्रोचा कोरियन नकाशा घ्या, म्हणजे जी नावं वाचायला शिकाल तीच पुढे कामाला येतील.

लिपी शिका असं इतक्या आग्रहाने म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. कोरियन नावांचं रोमन लेखन एकसारखं नाही. सरकारने २००० मध्ये नवी पद्धत आणली, पण जुनी स्पेलिंगं दुकानांच्या नावांत आणि जुन्या पुस्तकांत अजून टिकून आहेत. त्यामुळे एकच शहर कुठे पुसान तर कुठे बुसान, एकच विमानतळ कुठे किम्पो तर कुठे गिम्पो. हांगुलमध्ये मात्र नाव एकाच प्रकारे लिहिलेलं असतं. उलटही घडतं. सोलच्या दोन क्रमांकाच्या लाइनीवर सिनछोन आणि सिनछॉन अशी दोन वेगवेगळी स्टेशनं होती. रोमन लिपीत त्यांच्यात एका ‘ई’चाच फरक दिसायचा. लोक इतके गोंधळायचे की २०१६ मध्ये दुसऱ्याचं नाव बदलून जामशिलसेने केलं गेलं.

वाचता यायला लागल्यावर एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. कोरियनमध्ये शेजारी आलेली व्यंजनं एकमेकांना बदलतात. पाटीवर अक्षरशः ‘वांग-सिप-री’ लिहिलेलं असतं, पण डब्यात घोषणा ‘वांगसिमनी’ अशी होते. ‘जोंग-रो’ ऐकू येतं ‘जोंगनो’. म्हणजे घोषणेची वाट बघत बसलात तर स्टेशन निघून जाऊ शकतं. त्यावर उपाय नंबरांचा आहे. मेट्रोच्या दोन ते नऊ क्रमांकाच्या लाइनींवर जवळजवळ प्रत्येक स्टेशनला तीन आकडी नंबर असतो आणि त्यातला पहिला आकडा लाइनीचा. ग्योंगबोकगुंग ३२७, म्योंगडोंग ४२४, होंगिक विद्यापीठ २३९. दोन लाइनी जुळत असतील तर त्याच स्टेशनला दोन नंबर असतात. सोल स्टेशन पहिल्या लाइनीवर १३३ आणि चौथ्या लाइनीवर ४२६ आहे. रोजच्या जाण्यायेण्याची स्टेशनं नंबरासकट लिहून ठेवा. डब्यातल्या पट्टीवर नंबर एकाने वाढतोय की कमी होतोय हे बघितलं की दिशा बरोबर आहे का ते पहिल्याच स्टेशनवर कळतं. एक सावधगिरी: पाचव्या लाइनीवर यांगप्योंग नावाचं स्टेशन सोलच्या पश्चिम भागात आहे, आणि ग्योंगुई-जुंगआंग लाइनीवरचं यांगप्योंग शहराबाहेर पूर्वेला बरंच लांब आहे. नाव दोन्हीकडे तेच, म्हणून नकाशात शोधताना लाइनही बघा.

चूक झाली तर घाबरू नका. काही जुन्या स्टेशनांवर दोन दिशांना दोन वेगळी फाटकं असतात, आत शिरल्यावर पलीकडच्या फलाटावर जाता येत नाही. अशा वेळी बाहेर पडा आणि त्याच लाइनीच्या त्याच स्टेशनात १५ मिनिटांच्या आत टी-मनी हे प्रवासाचं कार्ड पुन्हा टेकवून आत जा. शहराच्या मेट्रोत पुन्हा भाडं कापलं जात नाही. ही सवलत कार्डावर आहे, एकवेळच्या तिकिटावर नाही. शाखा फुटणाऱ्या लाइनींवर मात्र नुसता लाइनीचा रंग बघून चढू नका. पहिली लाइन गुरोपाशी इंचॉनकडे आणि सुवॉनकडे अशी फुटते, पाचवी गांगडोंगला फुटते. शेवटचं स्थानक कोणतं ते गाडीच्या तोंडावर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच चढायचं. रात्री उशिराच्या काही गाड्या अर्ध्या वाटेतच थांबतात, तिथेही हीच सवय वाचवते.

पाट्यांवरचे काही शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्या, बोलायचे नाहीत: नागानुन गोत (बाहेर जाण्याचा मार्ग), थानुन गोत (गाडीत चढण्याची जागा), गाराथानुन गोत (लाइन बदलण्याची जागा), छुल्गु (निर्गमद्वार), ह्वाजांगशिल (स्वच्छतागृह), ह्यूमू (सुट्टी, बंद), जॉमगॉमजुंग (तपासणी चालू), आणि एकच अक्षर ‘याक’, म्हणजे औषधांचं दुकान. वारांची सात अक्षरंही शिका: वॉल, ह्वा, सू, मोक, गुम, थो, इल, सोमवारपासून रविवारपर्यंत. दुकानाच्या दारावर ‘ह्यूमू’शेजारी कोणतं अक्षर आहे ते कळलं की फेरी वाचते. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि छांगडॉकगुंग सोमवारी, त्यामुळे दोन्ही एका दिवशी बघायचे असतील तर हे दोन वार टाळा.

नकाशाबद्दल आता. गूगल मॅप्सवर भिस्त ठेवून सोलला जाऊ नका. तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर नेण्यावर दक्षिण कोरियाने सुरक्षेच्या कारणाने निर्बंध ठेवले, २०१६ मध्ये गूगलची विनंती नाकारली, आणि त्यामुळे तिथे पायी चालण्याचे मार्ग दाखवण्यात गूगल वर्षानुवर्षं मागे राहिलं. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या, दोन्ही इंग्रजीत चालतात. इंग्रजी नाव टाकून जागा सापडली नाही तर कोरियन नाव चिकटवा, तेही जमलं नाही तर त्या जागेचा फोन नंबर टाका. नेव्हरमध्ये फोन नंबरावरून जागा सापडते, आणि नंबराला स्पेलिंगची भानगड नसते.

पत्त्याची पद्धत समजून घेतली तर नकाशा नसतानाही काम भागतं. २०१४ पासून रस्त्याच्या नावाचे पत्ते अधिकृतपणे पूर्ण लागू झाले. ‘देरो’ म्हणजे सगळ्यात रुंद रस्ता, ‘रो’ मधला, ‘गिल’ गल्ली. इमारतींचे नंबर रस्त्याच्या सुरुवातीपासून दर २० मीटरला दोनाने वाढतात, विषम डावीकडे आणि सम उजवीकडे. म्हणजे नंबराला दहाने गुणलं की रस्त्याच्या टोकापासूनचं अंतर साधारण मीटरमध्ये मिळतं. पंचवीस नंबरची इमारत डाव्या हाताला, सुमारे २५० मीटरवर. दारावरच्या निळ्या पाटीवर हा नंबर असतो. फोनची बॅटरी संपलेली असताना ही एवढी माहिती सोन्याची ठरते.

बसला लोक उगाच घाबरतात. प्रत्येक थांब्याला पाच आकडी नंबर असतो आणि तोच नंबर नेव्हरमध्ये दिसतो. दोन्ही जुळवून बघा, म्हणजे रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं टळतं. बसप्रवासात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. पुढच्या दाराने चढायचं, मागच्या दाराने उतरायचं आणि उतरतानाही कार्ड टेकवायचं. ते राहिलं की पुढच्या बसच्या किंवा मेट्रोच्या भाड्यातली सवलत जाते. गाडी बदलायला दिवसा ३० मिनिटं मिळतात, रात्री ९ ते सकाळी ७ पर्यंत एक तास. अनेक बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, म्हणून टी-मनी कार्ड हवंच, आणि ते भरायला रोख वॉन लागतात, कारण बरीच यंत्रं परदेशी कार्ड स्वीकारत नाहीत. विमानतळावरून निघतानाच वीस-तीस हजार वॉन रोख खिशात ठेवा. पैसे काढण्यासाठी ‘ग्लोबल एटीएम’ असं लिहिलेलं यंत्र शोधा.

खाण्याच्या बाबतीत एकट्या माणसाला भाषेपेक्षा वेगळीच अडचण येते. निखाऱ्यावर भाजून खाण्याच्या बऱ्याच ठिकाणी किमान दोन जणांची ऑर्डर लागते. मेनूवर २ या आकड्यापुढे ‘इन’ हे अक्षर दिसलं, तर आत शिरून बसण्याआधी एक बोट दाखवून विचारा. ऑर्डरच्या यंत्रावर पहिला प्रश्न असतो ‘मेजांग’ की ‘फोजांग’, म्हणजे इथे बसून की बांधून. भाषेचं बटण बहुतेक एखाद्या कोपऱ्यात असतं. ते नसेल तर आधी पडद्याचा फोटो काढून भाषांतर बघा आणि मगच बोट लावा, कारण थोडा वेळ हात लावला नाही की यंत्र पुन्हा पहिल्या पानावर जातं. कॅफेच्या फळ्यावर ४.५ लिहिलेलं असेल तर ते ४,५०० वॉन. मांस नको असेल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. किमचीत बहुधा मासळीचं आंबवलेलं पाणी किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि साध्या दिसणाऱ्या सुपाचा रस्सा सुकवलेल्या बारीक मासळीचा असू शकतो. जे चालत नाही त्या प्रत्येक पदार्थाचं नाव कोरियनमध्ये लिहिलेलं कार्ड न्या. ॲलर्जी असेल तर हे कार्ड छापलेलंच हवं, फोनवरचं नको.

भाषांतरासाठी पापागो हे ॲप चांगलं आहे, त्यात आदरार्थी बोलण्याचं बटण आहे, ते चालू ठेवा. कोरियनमध्ये वाक्यातला कर्ता सर्रास गाळतात, त्यामुळे ‘येतो’ कोण आणि ‘देतो’ कोण याचा भाषांतरात गोंधळ होतो. इंग्रजीतून छोटं, कर्ता असलेलं, एका क्रियापदाचं वाक्य टाका आणि आलेलं कोरियन उलट भाषांतर करून तपासा. प्रश्नही असा विचारा की उत्तर डोळ्यांनी दिसेल. ‘कसं जायचं’ असं विचारू नका. नकाशा पुढे करून ‘इथे की इथे’ विचारा, किंमत विचारताना कॅल्क्युलेटर पुढे करा, वेळ विचारताना कागद-पेन द्या. आकड्यांच्या बाबतीत तर हा नियमच समजा, कारण कोरियनमध्ये मोजणीच्या दोन पद्धती आहेत, तास एका पद्धतीने सांगतात आणि मिनिटं दुसऱ्या. त्यातून पैसे दहा हजाराच्या पटीत मोजतात, त्याला ‘मान’ म्हणतात. ऐकून हिशेब करायला गेलात तर एक शून्य हमखास इकडे-तिकडे होतं.

टॅक्सीच्या काचेत लाल अक्षरांत ‘बिनछा’ म्हणजे रिकामी. मीटर १.६ किलोमीटरला ४,८०० वॉनपासून सुरू होतो (हा २०२३ पासूनचा दर), रात्री १० पासून पहाटे ४ पर्यंत वीस टक्के जास्त, आणि ११ ते २ या वेळात चाळीस टक्के. रात्री आकडा मोठा दिसला म्हणून ड्रायव्हरने फसवलं असं लगेच समजू नका. पत्ता बोलून सांगू नका, कोरियनमध्ये लिहिलेला दाखवा. पैसे कार्डाने द्या, गाडीत काही विसरलं तर त्या नोंदीवरून टॅक्सी शोधता येते. मेट्रोच्या फलाटावर दारापाशी ४-२ असे आकडे असतात, चौथा डबा, दुसरं दार. चढताना त्याचा एक फोटो काढून ठेवा, सामान राहिलं तर कर्मचाऱ्याला तेवढंच दाखवायचं.

शेवटची गोष्ट फोनची. फक्त इंटरनेट देणारं ई-सिम स्वस्त पडतं, पण त्याला कोरियन नंबर नसतो, आणि एकट्या माणसाने तरी नंबर असलेलंच सिम घ्यावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. १३३० ही पर्यटकांसाठीची मदतसेवा चोवीस तास चालते, इंग्रजीत बोलते आणि गरज पडली तर फोनवरच दुभाष्याचं काम करते. हॉटेलवाला आणि तुम्ही अडलात तर फोन त्याच्या हातात द्या. पोलिसांसाठी ११२, आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, दोन्हीकडे दुभाष्याची सोय आहे. तिथे आधी जागा सांगा, मग काय झालं ते. रस्त्यावर असाल तर जवळच्या निळ्या पाटीवरचं रस्त्याचं नाव आणि नंबर, स्टेशनवर असाल तर तीन आकडी नंबर आणि निर्गमद्वाराचा क्रमांक. हे तिन्ही फोन नंबर, हॉटेलचं कोरियन नाव, पत्ता आणि फोन, रक्तगट, नियमित औषधं आणि आपल्या वकिलातीचा नंबर एका कागदावर लिहा. त्याच्या दोन प्रती करा, एक पासपोर्टच्या कव्हरात आणि दुसरी रोज बाहेर नेता त्या बॅगेत.