वेबसाइट ‘पहिल्या नंबरवर’ आणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

‘छोट्या व्यावसायिकांनो, एजन्सीला पैसे देऊ नका’ अशी सुरुवात असलेला मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. आठवडाभरात वेबसाइट गुगलवर पहिल्या नंबरवर आणायचे पाच उपाय त्यात आहेत: वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि प्लगइन (त्याला जोडलेल्या जादा सोयी) कधीच अपडेट करू नका, मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लिहायचे, वाचकाला न दिसणारे शोधशब्द) ठासून भरा, गावागावाच्या नावाचं एकेक पान एआयकडून लिहून घ्या, हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) विकत घ्या, आणि थोड्या गुगल ॲड्स चालवा म्हणजे फुकटचं रँकिंगही चढतं. चिपळूणला काजू-कोकम विकणाऱ्या आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अपडेट बंद करून टाकले, बाकीचं रविवारी बसून करतो.’ म्हणून रविवारच्या आत हे लिहितोय.

आधी अपडेटचं बोलू. बाकीच्या मुद्द्यांनी पैसा आणि वेळ जाईल, याने साइटच जाईल.

अपडेटनंतर साइट कोलमडते हे खोटं नाही, तेवढं मान्य. २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ आलं, तेव्हा कित्येक जुन्या थीममधले (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यांमधले) मेनू आणि स्लायडर बंद पडले होते. होस्टिंगवाल्याने (साइट ज्याच्या सर्व्हरवर असते त्याने) पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, ७ वरून ८ वर नेली की जुना कोड जागच्या जागी मरतो. कोणी थीमच्या मूळ फाइलमध्येच खाडाखोड केलेली असेल, तर थीम अपडेट होताच ती पुसली जाते. असे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या वेगळ्या थीममध्ये, करायचे असतात. पण साइट तुटते म्हणून अपडेटच नको, हे तर्कट कुठलं?

२०१७ चं उदाहरण घ्या. वर्डप्रेस ४.७ आणि ४.७.१ मध्ये अशी चूक होती की लॉगिन न करता कोणीही तुमच्या साइटवरचा मजकूर बदलू शकत होता. २६ जानेवारीला ४.७.२ मध्ये ती दुरुस्त झाली, १ फेब्रुवारीला तपशील जाहीर झाला आणि पुढच्या काही दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली. ज्यांचं आपोआप अपडेट चालू होतं, त्यांच्याकडे दुरुस्ती आधीच पोचलेली होती. दुरुस्ती जाहीर झाली की भोकही जाहीर होतं, आणि मग ते शोधत आपोआप फिरणारे प्रोग्राम, म्हणजे बॉट, तुमचं दुकान लहान की मोठं हे बघत बसत नाहीत.

हॅक झालेली साइट मालकाला बहुतेक वेळा ठणठणीतच दिसते, हा यातला खरा त्रास. घुसवलेला कोड अनेकदा फक्त गुगलवरून, मोबाइलने येणाऱ्यालाच जुगाराच्या साइटवर ढकलतो. तुम्ही पत्ता टाइप करून उघडता, तुम्हाला काजूच दिसतात. म्हणून गुगलमध्ये ‘site:’ आणि त्याला लागूनच, स्पेस न देता, आपलं डोमेन (साइटचा पत्ता) इंग्रजीत टाकून शोधा. आपण कधी न लिहिलेली जपानी किंवा औषधांची पानं दिसली तर काय झालंय ते उघड आहे. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातला ‘सिक्युरिटी इश्यूज’ हा भागही बघा, आणि वर्डप्रेसच्या युजर यादीत अनोळखी ॲडमिन बसलाय का तेही.

अपडेट कसं करायचं? आधी फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, आणि तो त्याच सर्व्हरवर नको; सर्व्हर गेला की तोही जातो. होस्टिंगमध्ये स्टेजिंगची (साइटच्या चाचणीपुरत्या प्रतीची) सोय असेल तर आधी तिथे करून बघा. प्लगइन एकेक करून अपडेट करा, सगळ्यांवर एकदम टिक करू नका, नाहीतर कोणाने घात केला ते कळणार नाही. प्रत्येक वेळी मुख्य पान, एक उत्पादन, चौकशीचा फॉर्म आणि पेमेंट तपासा. साइट पडलीच, तर वर्डप्रेस रिकव्हरी मोडची (बिघडलेलं थांबवून आत शिरायच्या सोयीची) लिंक ॲडमिनच्या ईमेलवर पाठवतं. हा ईमेल ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये असतो, आणि निम्म्या साइटवर तिथे साइट बनवून देणाऱ्या पोराचा पत्ता असतो, जो आता फोनही उचलत नाही. आजच बदला. मेल नाहीच आली, तर सीपॅनलच्या (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलच्या) फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला; प्लगइन बंद पडतं आणि आत शिरता येतं.

मेटा कीवर्ड: गुगल रँकिंगसाठी ते वापरत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. विषय संपला.

गावागावाची पानं. ‘चिपळूणमध्ये उत्तम काजू’, ‘खेडमध्ये उत्तम काजू’, मजकूर तोच आणि नाव तेवढं वेगळं. गुगलच्या स्पॅम धोरणात याला डोअरवे (फक्त शोधातून माणूस ओढायला केलेली पानं) म्हणतात, आणि मार्च २०२४ पासून ढिगाने पाडलेल्या निरुपयोगी मजकुरावर वेगळं कलमही आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. एआय वापरणं हा गुन्हा नाही, हेही त्याच गुगलने सांगितलंय. गिऱ्हाइकाच्या कामाचं काही त्यात असावं एवढंच. आणि काजूवाल्याकडे ते भरपूर असतं. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या काजूच्या प्रतींमध्ये फरक काय, ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर, मग भाजीला कुठला आणि डब्यात द्यायला कुठला. पाकळी स्वस्त का. पावसाळ्यात पाकीट फोडल्यावर काय करायचं. पुण्याला किती दिवसांत पोचतं आणि कुरिअरचे किती पडतात. असं एक पान त्या पन्नास पानांना भारी. सोबत फोटो टाकाल तर फोनमधला पाच एमबीचा तसाच चढवू नका. रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात करा, दीडदोनशे केबीत बसतो.

बॅकलिंक: रँकिंगसाठी लिंक विकत घेणं त्याच धोरणात स्पॅम म्हणून लिहिलंय. बहुतेकदा गुगल त्या लिंक मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. नशीब वाईट असेल तर साइटवर थेट कारवाई होते. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवलंय.

राहिल्या ॲड्स. त्यांनी फुकटचं रँकिंग तसूभरही हलत नाही. गिऱ्हाईक मात्र लवकर येतं, हे खरं. सेटिंग नीट असेल तर. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये गुगल मुळातच ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ निवडून ठेवतं, म्हणजे चिपळूणबद्दल सहज शोधणाऱ्या दिल्लीकरालाही तुमची ॲड दिसू शकते. दुकानात येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर नुसतं ‘प्रेझेन्स’ ठेवा. सर्च मोहिमेत (गुगलच्या शोधात दिसणाऱ्या ॲड्समध्ये) डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइटवर ॲड दाखवायची, टिक काढा. पहिला आठवडा रोज ‘सर्च टर्म्स’ (लोकांनी काय शोधल्यावर ॲड दिसली त्याची यादी) उघडा: ‘काजू कतली रेसिपी’, ‘काजू कलम किंमत’, ‘काजू सोलायचं मशीन’ असल्या शोधांवर पैसे जाताना दिसतील. ‘रेसिपी’, ‘कलम’, ‘मशीन’ हे शब्द तिथल्या तिथे निगेटिव्ह यादीत टाका, म्हणजे त्या शोधांवर ॲड दिसणार नाही.