सोमवारी सकाळी, सायकलवर

गेला आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. भाच्याला शिवाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बोपोडीहून रोज सायकलने जायचं त्याने ठरवलं. अंतर सहा-सात किलोमीटर. माझा धाकटा भाऊ म्हणतो, पुण्यात आता सायकल म्हणजे जिवाशी खेळ, त्याला गाडी घेऊन देतो. एवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसले असते. पण काकांनी री ओढली: सायकल ट्रॅक म्हणजे महापालिकेची उधळपट्टी, आपले रस्ते अरुंद, ऊन फार, लोकांना शिस्त नाही, ही थेरं थंड देशातली. मी उत्तर दिलं, तर भावाचा मेसेज आला, "ताई, तुला तिथून बोलायला काय जातंय?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी लंडनमध्ये हेजला राहते, ऑफिस पॅडिंग्टनला. आठवड्यातून तीन दिवस सायकलने जाते, एका बाजूला वीसेक किलोमीटर. गर्दीच्या वेळी एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनमध्ये सायकल चढवता येत नाही, त्यामुळे निघालं की शेवटपर्यंत पायडल मारायचं. हा रस्ता मला कुणी आयता हातात दिला नाही. पहिल्यांदा नकाशा बघून सरळ अक्सब्रिज रोड धरला. रविवारी जाऊन पाहिलं, छान वाटलं. सोमवारी निघाले तर साउथॉल ब्रॉडवेवर गाड्यांच्या दुहेरी रांगा, कधी कुठला दरवाजा उघडेल याचा नेम नाही, पुढे 207 नंबरची बस आणि मागे व्हॅन. ॲक्टनच्या अलीकडे एका सिग्नलला मी डाव्या कडेला उभी होते आणि शेजारचा खडी वाहणारा ट्रक डावीकडेच वळायला लागला. चाकं हातभर अंतरावरून गेली. सायकल फुटपाथवर चढवली आणि दहा मिनिटं नुसती उभी राहिले. हात थरथरत होते. रविवारचा रस्ता आणि सोमवारचा रस्ता एक नसतो, हे मी त्या दिवशी शिकले.

मग शोधायला लागले. सायकलस्ट्रीट्स या सायकलच्या वाटा दाखवणाऱ्या वेबसाइटवर तोच प्रवास जलद, मध्यम आणि शांत अशा तीन वाटांनी दिसतो. शांत वाट कालव्याच्या कडेने जात होती. ग्रँड युनियन कालव्याचा पॅडिंग्टनकडे जाणारा फाटा 1801 सालचा. बुल्स ब्रिजपासून पॅडिंग्टनपर्यंत साडेतेरा मैलांत एकही लॉक, म्हणजे बोटी वरखाली करणारे पाण्याचे दरवाजे, नाही, त्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. साउथॉल, नॉर्थॉल्ट, ग्रीनफर्ड, हॉर्सेंडन टेकडीचा पायथा, आल्पर्टन. पुढे तर कालवाच नॉर्थ सर्क्युलर या मोठ्या रस्त्याच्या डोक्यावरून जातो. खाली सहा लेनची वाहतूक घोंगावत असते आणि वर पाण्यात बदकं. भारतीय वस्तीच्या साउथॉलजवळ कधी कधी पाण्यात नारळ तरंगताना दिसतो, झेंडूची माळ दिसते. मुळा-मुठेची आठवण येते आणि दिवस चांगला जातो.

पण ही वाट बारमाही नाही. पुलांखाली ती इतकी अरुंद होते की घंटी वाजवून, उतरल्यासारखंच जावं लागतं. चालणाऱ्यांचा हक्क पहिला. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो आणि मैल-मैल दिवा नसतो. एकट्या बाईने तिथून जायचं का, हा प्रश्न ट्रकच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी पुन्हा रस्त्यावर येते: साउथॉल आतल्या गल्ल्यांनी टाळायचं, हॅनवेलपासून जिथे मिळेल तिथे बस लेन धरायची, दुकानांचे दिवे सोबतीला. कालव्यावर गाडीपासून सुरक्षित असते, रस्त्यावर माणसांच्या नजरेत असते. दोन्ही एकत्र देणारी वाट मला अजून मिळालेली नाही.

काका, इथे सगळं शिस्तीने झालं असं तुम्हाला वाटतं ना? ट्रकचालकाला सायकलवाला दिसावा म्हणून लंडनला नियम करावा लागला. 2021 पासून बारा टनांवरच्या ट्रकला, केबिनमधून बाहेरचं किती दिसतं यावरून लंडनमध्ये फिरायचा परवाना मिळतो. आणि भांडणं? वुड लेनपासून नॉटिंग हिल गेटपर्यंतचा सायकल मार्ग 2019 मध्ये केन्सिंग्टन-चेल्सी बरोने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, नाकारला. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर 2020 च्या शरदात लेन आखल्या आणि सात आठवड्यांत उखडल्या. व्यापारी ओरडत होते, रहिवासी ओरडत होते, अगदी तुमचेच शब्द.

अरुंदपणाचं म्हणाल, तर हॅरिस पूल ओलांडून पिंपरीकडे जाणारा जुना मुंबई महामार्ग 61 मीटर रुंद आहे. माझा साउथॉल ब्रॉडवे त्यात दोनदा सहज मावेल. जागा आहे. ती कोणाला द्यायची हे ठरवलेलं आहे. आणि उन्हाचं म्हणाल, तर बाबा त्याच रस्त्याने बोपोडीहून पिंपरीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं सायकलने गेले, तीन पाळ्यांत, एप्रिल-मेमध्येसुद्धा. पाळी सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा निघायचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते त्या लोकांमुळे. ती काय थंड देशातली थेरं होती?

इतकं लिहून मी थांबले होते, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

2006 च्या शेवटी पुण्यात बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, आली तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकलचा पट्टा झाला. मी तेव्हा स्वारगेटजवळ नोकरीला होते. पार्किंगला जागा नसायची. त्या पट्ट्यावर दुचाकी लागायला लागल्या, त्यात माझी ॲक्टिव्हा रोज असायची. एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ सायकल थांबवून म्हणाले, "बाई, ही आमची वाट आहे." मी म्हटलं, "सगळेच लावतात हो." ते सायकल उचलून गाड्यांच्या मधून रस्त्यावर उतरले. बाबांच्याच वयाचे होते.

इथे सायकल मार्गाचा कुठलाही आराखडा हरकतींसाठी खुला झाला की मी फॉर्म भरते, कुठल्या चौकात काय बदलावं ते मुद्देसूद लिहिते. पुण्याच्या महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा मी इथून बातमीला लाइक दिला आणि सुट्टीत गेले तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत टॅक्सीत बसले. त्यानंतरही प्रत्येक वेळी टॅक्सीतच. त्यामुळे भावाचं वाक्य लागलं ते खोटं होतं म्हणून नव्हे. मला तिथून बोलायला खरंच काही जात नाही. त्या शहरावर बोलायचा माझा हक्क किती उरला आहे, हे मला ठाऊक नाही. पण ते शहर माझं नाही, असं म्हणायला जीभ वळत नाही.

भाच्याला मी काल फोन केला. खडकी बाजारातून मुख्य रस्ता धरू नकोस, रेंजहिल्सच्या बाजूने बघ, झाडं आहेत, गर्दी कमी असावी, म्हणाले. तो म्हणाला, "आत्या, तू शेवटची तिथून कधी गेलीस?" मला आठवेना.

डिसेंबरात येते आहे. बाबांची सायकल केव्हाच भंगारात गेली, पण कुणाची तरी उसनी मिळेल. आधी रेंजहिल्सची वाट, दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्याची, दोन्ही त्याच्यासोबत जाऊन बघेन. रविवारी नाही. सोमवारी सकाळी, कॉलेजच्या वेळेला.