‘काका, एमटीव्ही बंद करा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

पंक या खरखरीत, बंडखोर रॉक संगीताचं पॉप कसं झालं, या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय: ‘काका, एमटीव्ही बंद करा. १९९४ला मोठ्या कंपन्या आल्या आणि पंक संपलं. ग्रीन डेने गिलमनला दगा दिला. ऑफस्प्रिंगला तर तुम्ही एका ओळीत उडवलंत.’

(ग्रीन डे आणि ऑफस्प्रिंग हे अमेरिकन पंक बँड, गिलमन हा बर्कलीचा पंक क्लब, आणि कंपन्या म्हणजे रेकॉर्ड कंपन्या.) मुद्द्याचं नंतर बोलू. आधी हे ‘काका’. ना ओळख ना पाळख, वर टोपणनावाआडून लिहिणं, आणि थेट काका! मतभेद खुशाल असू द्या हो, पण बोलायची काही रीत असते की नाही?

ऑफस्प्रिंगचं मान्य. ‘स्मॅश’ हा त्यांचा अल्बम त्याच वर्षी एपिटाफ या स्वतंत्र कंपनीने काढला आणि लाखोंनी खपला. चार ओळी द्यायला हव्या होत्या.

पण ‘१९९४ला कंपन्या आल्या’? अहो, ब्रिटनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पहिली रेकॉर्ड १९७६ला ईएमआय या बड्या कंपनीने काढली. तिथल्याच क्लॅश या बँडने जानेवारी १९७७मध्ये सीबीएस या दुसऱ्या बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा त्यांची एकही रेकॉर्ड आलेली नव्हती. आणि पॉपचं म्हणाल तर न्यूयॉर्कचा पंक बँड रमोन्स ऐका. त्यांचा पहिला अल्बम मला मित्राच्या भावाने कॉपी करून दिला होता. १४ गाणी, २९ मिनिटं. साठच्या कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा मावला. दुसऱ्या बाजूला बीच बॉइज, साठच्या दशकातला पॉप बँड. कॅसेट उलटली की गिटारचा खरखराट जायचा, चालींचं घराणं तेच. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, टेप घासेपर्यंत ऐकलंय. याच रमोन्सचा १९८०चा अल्बम फिल स्पेक्टर या निर्मात्याने केला, म्हणजे साठच्या दशकातल्या रोनेट्स या पॉप गायिकांच्या गटाची गाणी करणाऱ्याने. रेडिओवर वाजायची हौस त्यांनाही होतीच की.

गिलमनचं म्हणाल तर बर्कलीच्या त्या क्लबचा नियमच होता, मोठ्या कंपनीचा बँड चालणार नाही. ग्रीन डेने रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार केला, दार बंद झालं. याला दगा म्हणायचं तर म्हणा. २०१५ला ते तिथेच पुन्हा वाजवून आले, तेही आगीत नुकसान झालेल्या एके प्रेस या प्रकाशनसंस्थेच्या मदतीसाठी.

बाकी शेरेबाजीत उत्तर देण्यासारखं काही नाही. एकच करा. ग्रीन डेचं ‘वेलकम टू पॅराडाइज’ हे गाणं त्यांच्या ‘करप्लंक’ या अल्बमवरही आहे आणि नंतरच्या ‘डूकी’वरही. एक लुकआउट या छोट्या कंपनीचं, दुसरं रिप्राइजचं. दोन्ही पाठोपाठ ऐका आणि कंपनीने नेमकं काय बिघडवलं ते मला लिहून कळवा. आवाज स्वच्छ झाला, हे सोडून.