युरोपचा बाजार नियमांनी मेला, म्हणे!

गुंतवणुकीच्या गप्पा चालतात अशा बहुतेक मराठी ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. युरोप म्हणजे म्हाताऱ्यांचा खंड, तिथे पैसाच उरलेला नाही. वीसेक देशांना एकच चलन मिळाले, म्हणजे एकच बाजार मिळाला, तरी अमेरिकेपुढे टिकता आले नाही, कारण ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, बाबूंनी नियम लादून बाजार मारला. त्यात तिथला माणूस जात्याच भित्रा, शेअरला हात लावणार नाही. उपाय काय, तर सगळ्यांचे मिळून एकच एक्स्चेंज आणि एकच सेबी. जाता जाता सल्लाही असतो: युरोपचा फंड असेल तर विकून मोकळे व्हा.

युरोपचा भांडवल बाजार अमेरिकेच्या मागे आहे हे कोणी नाकारत नाही, खुद्द युरोपीय आयोगही नाही. पण मागे का पडला याची जी कारणे या मजकुरात दिली आहेत, त्यांतली बहुतेक चुकीची आहेत आणि एकदोन तर पार उलटी.

“युरोपात पैसाच उरलेला नाही.”

युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल उघडा. २०२२ या एका वर्षात युरोपीय संघातल्या कुटुंबांनी सुमारे १.३९ लाख कोटी युरो बाजूला टाकले. त्याच वर्षी अमेरिकी कुटुंबांची बचत होती सुमारे ८४ हजार कोटी युरो. म्हणजे बचत युरोपचीच जास्त. अडचण पुढे आहे. वर्षानुवर्षे साठलेल्या बचतीतले सुमारे १० लाख कोटी युरो बँकांच्या ठेवींत बसून आहेत. बँक कर्ज देते ते तारण बघून. ज्या कंपनीकडे चार संगणक आणि एक कल्पना आहे, तिला ती काय देणार?

जो पैसा बाजारात उतरतो, त्यातलाही मोठा भाग घरी थांबत नाही. इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेट्टा यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालानुसार दरवर्षी सुमारे ३० हजार कोटी युरोंची बचत बाहेर जाते, मुख्यतः अमेरिकेत. लेट्टा यांची तक्रार अशी की आमच्याच पैशावर पोसलेल्या अमेरिकी कंपन्या उद्या येऊन आमच्या कंपन्या विकत घेतात.

“एकच चलन, म्हणजे एकच बाजार.”

सगळ्यात जास्त लोकांना पटणारा आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा हा आहे.

बाजार एक झाला की नाही, हे मोजायचे कसे? युरोपीय मध्यवर्ती बँकेने फ्रँकफर्टच्या सेंटर फॉर फायनान्शियल स्टडीजला बरोबर घेऊन २००२ साली याच विषयावर संशोधकांचे जाळे उभे केले. त्या सुमारास लिव्हेन बाले आणि सहकाऱ्यांनी बँकेसाठी केलेल्या २००४ च्या अभ्यासात कसोटी साधी होती: जोखीम तीच आणि मिळकत तीच असेल, तर वस्तूचा भाव देशोदेशी एकच असला पाहिजे. निकाल सरसकट नव्हता. बँका एकमेकींना रात्रीपुरते पैसे देतात तो बाजार जवळजवळ पूर्ण एक झालेला. सरकारी रोखे त्याच्या जवळपास. शेअर मागे. आणि गिऱ्हाइकाला मिळणारे बँकेचे कर्ज सगळ्यात मागे. म्हणजे युरो आला, त्याने घाऊक पैसा एक केला. किरकोळ पैसा ज्याच्या त्याच्या देशातच राहिला.

पुढे जे झाले त्यातून आणखी एक गोष्ट दिसली. जे लवकर एक झाले होते तेच २०१० ते २०१२ च्या संकटात आधी फाटले. उत्तरेकडच्या बँकांनी दक्षिणेकडची उधारी मागे घेतली, ग्रीस, पोर्तुगाल, स्पेन, इटली यांच्या रोख्यांचे व्याजदर जर्मनीच्या दरांपासून लांब पळाले. ‘वाटेल ते करू’ असे द्रागी जुलै २०१२ मध्ये बोलले तेव्हा कुठे ते आवरले. रात्रीची उधारी सकाळी मागता येते. शेअरमध्ये घातलेला पैसा मात्र कंपनीत अडकून पडतो, तोटा झाला तर मालकाच्या बरोबरीने सोसतो. एकत्रीकरण झाले ते पळून जाणाऱ्या पैशाचे. थांबणाऱ्या पैशाचे व्हायचे राहिले.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. अस्द्रुबाली, सोरेन्सन आणि योशा यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या राज्यांचा हिशोब मांडला. एखाद्या राज्याच्या उत्पन्नाला धक्का बसला, तर १९६३ ते १९९० या काळात त्यातला ३९ टक्के भाग भांडवल बाजाराने झेलला होता, २३ टक्के कर्जबाजाराने आणि जेमतेम १३ टक्के केंद्र सरकारने. म्हणजे टेक्ससमध्ये मंदी आली तरी टेक्ससवाल्याकडे ओहायोतल्या कंपनीचे शेअर असतात, ते त्याला हात देतात. युरोपातली कुटुंबे मुख्यतः आपापल्या देशातच पैसा ठेवतात, त्यामुळे देश बुडाला की बचतही त्याच्याबरोबर गोते खाते.

आता जवळून बघू. समजा ॲमस्टरडॅमच्या एका बाईंनी जर्मनीच्या सीमेन्सचे शेअर घेतले आणि १०० युरो लाभांश जाहीर झाला. जर्मनी आधी २६.३७५ युरो कापून घेते: २५ टक्के कर, आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार. आपल्या भाषेत टीडीएस. दोन देशांमधल्या करारानुसार जर्मनीला हक्क आहे फक्त १५ युरोंचा. उरलेले ११.३७५ युरो बाईंचे, पण ते मागायला बॉनमधल्या केंद्रीय कर कार्यालयात अर्ज करायचा, आपण नेदरलँड्समध्ये कर भरतो याचा दाखला जोडायचा, लाभांशाचा पुरावा जोडायचा आणि वाट बघायची. चलन तेच, सीमेवर चौकी नाही, ट्रेनने पाचसहा तासांत बर्लिन. तरी ११ युरोंसाठी एवढा सोपस्कार कोण करणार? बाई पुढच्या वेळी डच कंपनीचाच शेअर घेतात. हे सोपे करणारा कायदा युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केला, लागू होणार २०३० पासून.

हे अडथळे काही काल लक्षात आलेले नाहीत. सहाच देशांचा समुदाय होता तेव्हा, १९६६ साली, क्लाउदिओ सेग्रे यांच्या समितीने ‘युरोपीय भांडवल बाजाराचा विकास’ याच नावाचा अहवाल दिला. करांमधली तफावत, विमा आणि पेन्शनच्या पैशावर देशोदेशी असलेली बंधने, हे सगळे त्यात आहे. २००१ साली अल्बेर्तो जोवान्निनी यांच्या गटाने नुसत्या सेटलमेंटमधले, म्हणजे सौद्यानंतर शेअर आणि पैसे पोचते करण्यातले, १५ अडथळे नावनिशीवार मोजून दिले. दिवाळखोरीचे कायदे अजून २७ आहेत, संघातल्या प्रत्येक देशाचा वेगळा. कंपनी बुडाली तर आपला नंबर कितवा लागेल, हे देशागणिक बदलते.

आपल्याकडेही १ जुलै २०२० पर्यंत शेअरवरची स्टँप ड्युटी राज्यागणिक वेगळी होती. पण कंपनी कायदा एक, दिवाळखोरी संहिता एक आणि प्राप्तिकर एक असल्यामुळे तेवढी एक खुट्टी काढायला संसदेतली एक दुरुस्ती पुरली. युरोपात करांच्या बाबतीत प्रत्येक देशाला नकाराधिकार आहे.

“ब्रसेल्सच्या नियमांनी बाजार मारला.”

स्वीडनलाही ब्रसेल्सचे हेच नियम लागू आहेत. आणि स्टॉकहोममध्ये गेल्या दशकभरात इतक्या कंपन्यांनी आयपीओ आणले की त्यांची संख्या जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि नेदरलँड्स यांच्या बेरजेहून जास्त भरते. त्यात छोट्या कंपन्याच फार. वर स्वीडनने २००३ च्या सार्वमतात युरोही नाकारला आहे. नियमांनी बाजार मरतो म्हणणाऱ्यांनी आणि चलनाने बाजार बनतो म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही आधी स्वीडनचे काय ते सांगावे.

नियम जाचक नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. २००८ नंतर कर्जांचे गठ्ठे बांधून विकण्यावर, म्हणजे सिक्युरिटायझेशनवर, युरोपने इतकी कडक बंधने घातली की तो बाजार उभाच राहीना. गोंधळ मुख्यतः अमेरिकेत झाला होता आणि अमेरिकेत तो बाजार सावरलाही. इथे टीका रास्त आहे. पण बहुतेक वेळा दुखणे ब्रसेल्सच्या एका नियमाचे नसते. त्या एका नियमाचे देशोदेशी २७ अर्थ लावले जातात, त्याचे असते.

“तिथला माणूस जात्याच भित्रा.”

रघुराम राजन आपल्याला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून माहीत. त्याआधी, २००३ साली, त्यांनी लुइजी झिंगालेस यांच्याबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९१३ साली फ्रान्समधल्या शेअरांचे एकूण मूल्य तिथल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७८ टक्के होते, अमेरिकेत ३९ टक्के. निम्मे! १९८० पर्यंत फ्रान्स ९ टक्क्यांवर घसरला. रक्तातच भीती असती तर १९१३ चे फ्रेंच कुठून आले? राजन-झिंगालेस यांचे उत्तर असे की देशाची दारे व्यापाराला आणि परक्या पैशाला बंद झाली की प्रस्थापित उद्योग आणि बँका बाजाराची वाढ रोखतात, कारण बाजारातून नवे स्पर्धक उभे राहतात. दोन महायुद्धांच्या मध्ये तेच घडले.

जर्मन माणूस शेअरला बिचकतो, हे खरे. पण त्याला कारण घडले आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये डॉइच टेलिकॉमचा शेअर ‘जनतेचा शेअर’ म्हणून विकला गेला. टीव्हीवरचा लोकप्रिय नट मान्फ्रेड क्रूग घरोघरी सांगत होता, घ्या म्हणून. आयुष्यात कधी शेअर न घेतलेल्या लाखो लोकांनी घेतला. मार्च २००० मध्ये भाव १०० युरोंच्या वर गेला, सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये ६६.५० युरोंना आणखी शेअर विकले आणि २००२ मध्ये भाव १० युरोंच्या खाली होता. नव्या कंपन्यांसाठी १९९७ साली उघडलेला नॉयर मार्क्ट २००३ साली बंद करावा लागला. पहिलाच घास इतका भाजल्यावर माणूस मुदत ठेवीकडे वळला, तर त्याला भित्रा कसे म्हणायचे?

स्वीडिश माणूस कसा वळला नाही, याचे उत्तर पेन्शनमध्ये आहे. तिथे पेन्शनसाठी कापल्या जाणाऱ्या रकमेतले उत्पन्नाचे अडीच टक्के कोणत्या फंडात घालायचे, हे २००० सालापासून माणूस स्वतः ठरवतो. २०१२ पासून एक साधे गुंतवणूक खातेही आहे: दर विक्रीवर भांडवली नफ्याचा हिशोब नाही, खात्यातल्या रकमेवर वर्षाला ठरलेला सरसकट कर, विषय संपला. नेदरलँड्सचे पेन्शन फंड तर देशाच्या जीडीपीहून मोठे आहेत. जर्मनी, फ्रान्स, इटलीत आजच्या नोकरदाराची वर्गणी आजच्या पेन्शनरला जाते, मधे बाजारात यायला पैसाच नसतो. अमेरिकेत पगारातली निवृत्तीची बचत बाजारात आणणाऱ्या ४०१(के) खात्यांनी जे केले ते या तीन मोठ्या देशांत कोणी केले नाही. यात ब्रसेल्सचा हात नाही. पेन्शन हा ज्या त्या देशाचा विषय आहे.

“एकच एक्स्चेंज, एकच सेबी.”

अमेरिकेत शेअर बाजार एक नाही, डझनाहून जास्त आहेत. एक आहे ती डिपॉझिटरी, म्हणजे शेअर जिथे खात्यात जमा राहतात ती संस्था. युरोपचे नेमके उलटे: पॅरिस, ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, लिस्बन, डब्लिन, ऑस्लो, मिलान इथले शेअर बाजार आज युरोनेक्स्ट या एकाच कंपनीखाली आहेत, पण डिपॉझिटऱ्या वीसहून जास्त. शिवाय बाजारांची मोठी विलीनीकरणे दोनदा, २०१२ आणि २०१७ मध्ये, आयोगानेच मक्तेदारीच्या भीतीने अडवली. दोन्ही वेळा एक बाजू फ्रँकफर्टच्या शेअर बाजाराची होती.

एकच नियामक असावा, या मागणीत दम आहे. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचे प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये वृत्तपत्रात गैरव्यवहाराच्या बातम्या येत होत्या आणि जर्मन नियामक बाफिनने कंपनीऐवजी तिचा शेअर शॉर्ट करणाऱ्यांवर, म्हणजे भाव पडेल यावर पैज लावणाऱ्यांवर, बंदी घातली, वर पत्रकारांविरुद्ध तक्रार केली. जून २०२० मध्ये कळले की १९० कोटी युरो अस्तित्वातच नव्हते. आपल्या देशाची लाडकी कंपनी असली की देशी नियामकाचा हात असा आखडतो. फक्त एक तपशील मजकूरवाल्यांनी लक्षात ठेवावा: त्या बंदीला पॅरिसमधल्या युरोपीय नियामकाने, एस्माने, अनुकूल मत दिले होते. खुर्ची पॅरिसला हलवली म्हणून नजर आपोआप तीक्ष्ण होत नाही.

“युरोपचा फंड विका.”

२०२५ मध्ये जर्मनीचा डॅक्स निर्देशांक अमेरिकेच्या एसअँडपी ५०० पेक्षा जास्त चढला, एवढे सांगून हा मुद्दा संपवता आला असता. पण एका वर्षाच्या आकड्यावर काही सिद्ध होत नाही, पुढच्या वर्षी उलटेही होईल. खरी चूक वेगळी आहे. खंडातली बचत खंडातल्या नव्या उद्योगांपर्यंत पोचते का, हा एक प्रश्न. निर्देशांकातल्या मोठ्या कंपन्या किती कमावतात, हा दुसरा. एएसएमएल नेदरलँड्सची, पण तिची चिप बनवायची यंत्रे मुख्यतः तैवान, दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये जातात. सॉफ्टवेअरवाली सॅप आणि चैनीच्या वस्तूंची एलव्हीएमएच यांचे गिऱ्हाईक जगभर पसरलेले. भांडवल बाजाराच्या तुकड्यांचा फटका बसतो तो अजून छोट्या असलेल्या कंपन्यांना, आणि त्या तुमच्या फंडात नसतातच. फंड विकायचाच असेल तर त्याचा खर्च आणि आतल्या कंपन्यांचे भाव बघून विका.